पौषाला नावे ठेवण्यापूर्वी

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे या दोन क्रियांमध्ये मराठी भाषेने अवघ्या एका मात्रेचे अंतर राखले आहे. पाळण्यातल्या बाळाचे नाव ठेवले जाते आणि उरलेल्या जगाला नावे ठेवली जातात. गेल्या पौष महिन्यात आमच्या नात्यातल्या एका घरी या दोन्ही क्रिया एकाच बाळाच्या निमित्ताने घडताना मी पाहिल्या. बाळाचे नाव अजून ठरायचे होते. पण ज्या महिन्यात ते जन्माला आले त्या महिन्याला मात्र यथेच्छ नावे ठेवून झाली होती.

नाशिकच्या माझ्या भाचीला मुलगी झाली. माझी बहीण आज हयात नाही, त्यामुळे पहिले बाळंतपण असूनही ते सासरीच झाले, आणि माहेरच्या वतीने विचारपूस करण्याचे कर्तव्य माझ्याकडे आले. तिसऱ्या दिवशी रुग्णालयातूनच तिचा फोन आला. "मामा, तुझं बी. ए.ला संस्कृत होतं ना? मला हिच्यासाठी महिन्यावरून नाव हवंय. श्रावणी नको, प्रत्येक वर्गात दोन-दोन असतात. चैत्रालीही नको. असं सांग, की ऐकणारा क्षणभर थांबला पाहिजे." मी विचारले, "जन्म कोणत्या महिन्यातला?" ती म्हणाली, "जानेवारी." मी म्हटले, "अगं, आपला महिना." थोडी शोधाशोध झाली, भिंतीवरची दिनदर्शिका कोणीतरी वाचून दाखवली आणि उत्तर आले, "पौष. पौष वद्य तृतीया."

इथे एक कबुली देणे भाग आहे. तीस वर्षे वृत्तपत्रांतून लिहिणारा, रूढी आणि परंपरा यांतला भेद लोकांना समजावून सांगणारा मी पुढच्याच क्षणी बोलून गेलो, "पौषावरून कोणी नाव ठेवतं का गं?" पलीकडे शांतता पसरली. मग ती हळूच म्हणाली, "सासूबाईही हेच म्हणाल्या. त्यांचं तर म्हणणं आहे, कोणी विचारलं तरी पौष सांगूच नका, जानेवारी सांगा."

ते वाक्य मनात रुतून बसले. रोज देवपूजा करणारी, एकादशी न चुकवणारी, सणवार तोंडपाठ असणारी एक गृहिणी आपल्या नातीचा जन्ममास लपवण्यासाठी रोमन कालगणनेच्या आडोशाला उभी राहते! ज्या महिन्याचे नाव जानस नावाच्या रोमन देवतेवरून आले तो महिना निर्दोष, आणि ज्याचे नाव आकाशातल्या पुष्य नक्षत्रावरून आले तो मात्र अशुभ. आणि या हिशेबात मीही नकळत सामील झालो होतो.

महिन्यावरून नाव ठेवणे ही आजकालच्या आईबापांची टूम आहे, असे म्हणून आपण वडीलधारे पुष्कळदा नाक मुरडतो. वस्तुतः ती आपल्याकडची फार जुनी चाल आहे. आपल्या महिन्यांची नावे राजे-सम्राटांवरून पडलेली नाहीत. ज्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो, त्या नक्षत्राचे नाव त्या महिन्याला मिळाले. चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख, कृत्तिकांवरून कार्तिक, मघांवरून माघ. डोके वर करून पाहणाऱ्या कोणालाही पडताळता यावे असे हे नामकरण आहे. इंग्रजी महिन्यांत जुलै ज्युलियस सीझरच्या नावाचा, ऑगस्ट ऑगस्टसच्या नावाचा, आणि सप्टेंबर हा शब्द 'सातवा' असे सांगत असताना महिना मात्र नववा. असो. ज्याची त्याची कालगणना.

नक्षत्रावर जन्मलेल्या मुलाच्या नावाचे रूप कसे होते, यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्रे रचली आहेत. व्याकरणकाराला नियम करावा लागतो याचा अर्थ ती नावे त्याच्या काळी घरोघरी होती. महाभारताच्या विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपल्या दहा नावांचा उलगडा करून सांगतो, त्यात 'फाल्गुन' हे नाव उत्तरा फल्गुनी नक्षत्रावरील जन्मामुळे मिळाल्याचे सांगतो. म्हणूनच बंगालमध्ये 'फाल्गुनी' हे पुरुषाचेही नाव असते. कादंबरीकार फाल्गुनी मुखोपाध्याय हे त्याचे ठळक उदाहरण. आपल्याकडे आणि गुजरातेत तेच नाव मुलीचे झाले.

याहून महत्त्वाची गोष्ट मला त्या रात्री धर्मसिंधु उघडल्यावर आठवली. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेला हा ग्रंथ आजही आपल्या पुरोहितांच्या हाताशी असतो. नामकरण संस्कारात बाळाला एक नव्हे, चार नावे द्यायची असतात: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने ही नावे लिहिली जातात, हे आपण सर्वांनी पाहिलेले असते. पण आत्याबाईंनी पाळण्याशी वाकून 'कुर्रर्र' केले, पेढे वाटले गेले, की चारांपैकी तीन नावे तांदळाबरोबरच गोळा होऊन जातात. उरते ते व्यावहारिक नाव. मासनाम म्हणजे त्या महिन्याच्या अधिपती विष्णुरूपाचे नाव. चैत्रात जन्मलेल्याचे वैकुंठ, वैशाखात जनार्दन, मग उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरि, योगीश, पुंडरीकाक्ष, मार्गशीर्षात कृष्ण, पौषात अनंत, माघात अच्युत आणि फाल्गुनात चक्री. म्हणजे आपल्या प्रत्येकाला महिन्यावरून ठेवलेले एक नाव जन्मतः मिळालेलेच आहे. वाचकांपैकी किती जणांना स्वतःचे मासनाम ठाऊक आहे? मला पन्नाशी उलटल्यावर, भाचीच्या मुलीच्या निमित्ताने कळले.

अधिक मासाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांतच होत नाही तो अधिक. २०२३ साली श्रावण अधिक होता, २०२६ साली ज्येष्ठ. त्याला स्वतःचे नाव नाही, शेजारच्या महिन्याचे उसने घ्यायचे; वर 'मलमास' म्हणून हेटाळणी. पुराणकथा सांगते की सर्वांनी झिडकारलेला हा महिना विष्णूकडे गेला आणि विष्णूने त्याला स्वतःचेच नाव दिले. पुरुषोत्तम मास. आणि त्या महिन्यात जन्मलेल्या मुलाचे नाव पुरुषोत्तम ठेवण्याची पद्धत पडली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत इतके पुरुषोत्तम आढळतात, त्यांतले काही या वाटेने आलेले आहेत. ज्याला कोणी नाव देईना त्याला सर्वांत थोर नाव देऊन आपल्या पूर्वजांनी प्रश्न सोडवला. आम्ही मात्र पौषासाठी एवढेही करायला तयार नाही.

वैदिक काळातली महिन्यांची नावे तर आणखीच सुंदर आहेत. चैत्र-वैशाख म्हणजे मधु आणि माधव, ज्येष्ठ-आषाढ म्हणजे शुक्र आणि शुचि, श्रावण-भाद्रपद म्हणजे नभ आणि नभस्य, आश्विन-कार्तिक म्हणजे इष आणि ऊर्ज, मार्गशीर्ष-पौष म्हणजे सह आणि सहस्य, माघ-फाल्गुन म्हणजे तप आणि तपस्य. आज शाळेच्या हजेरीपटावर ऊर्जा दिसते, शुची दिसते; माधव तर सदाहरित आहे. आपण वैशाखाचे नाव उच्चारतो आहोत याची जाणीव त्या घरांत क्वचितच असते. भाद्रपदात जन्मलेल्या मुलाचे 'नभस्य' ठेवायला काय हरकत आहे? 'सहस्य' मात्र मी सुचवणार नाही. वर्गातली मुले पहिल्याच दिवशी त्याचे 'रहस्य' करतील.

कारण नाव वेगळे असावे, पण केवळ वेगळे असण्यासाठी नसावे. या बाबतीत आजच्या तरुण आईबापांनाही दोन शब्द सुनावणे आवश्यक आहे. नावांच्या ज्या याद्या हल्ली घरोघरी फिरतात त्यांत अर्थाच्या रकान्यात काहीही छापलेले असते. 'रेयांश' म्हणजे 'विष्णूचा अंश' असे सर्रास लिहिलेले दिसते. 'रेय' असा विष्णुवाचक शब्द मला तरी कोशात आढळला नाही. ऐकायला गोड, इंग्रजीत लिहायला सोपे आणि अंकशास्त्राच्या बेरजेत बसणारे अक्षरांचे जुळणे करायचे आणि मागाहून त्याला संस्कृतचे लेबल चिकटवायचे, हा उद्योग आपल्या भाषेचा सन्मान करणारा नाही. त्यापेक्षा ज्या महिन्यात मूल जन्मले त्याचे खरे नाव द्यावे. निदान मोठे झाल्यावर मुलाने विचारले तर सांगण्यासारखे काही उरते.

आता मूळ प्रश्नाकडे. पौषाने असा कोणता अपराध केला आहे?

पौष हे नाव पुष्य नक्षत्रावरून आले. 'पुष्' या धातूचा अर्थ पोषण करणे, वाढवणे. पुष्याची देवता साक्षात बृहस्पती. गुरुवारी पुष्य नक्षत्र आले की गुरुपुष्यामृत योग म्हणून सराफांच्या दुकानांत रांगा लागतात. ज्या नक्षत्रावर गुंजभर का होईना सोने घ्यावे असे आपण मानतो, त्याच नक्षत्राच्या नावाचा महिना आपल्याला अपशकुनी वाटतो, ही विसंगती कोणाच्याच कशी लक्षात येत नाही? प्राचीन काळी तर पुष्यावरून नाव ठेवणे भूषणाचे होते. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी सुदर्शन तलाव बांधणारा चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त. त्याचे नाव रुद्रदामनाच्या शिलालेखात आजही वाचता येते. मौर्यांनंतर मगधाच्या सिंहासनावर आलेला पुष्यमित्र शुंग. सम्राट हर्षवर्धनाच्या घराण्याचा मूळपुरुष पुष्यभूति. यांच्या आयांना कोणी म्हटले नसावे, की दुसरे काहीतरी ठेवा.

पौषात लग्ने लावत नाहीत, हे खरे. विवाहाला विहित अशा महिन्यांत त्याची गणना नाही आणि सूर्य धनू राशीत असतो तो काळही बव्हंशी याच सुमारास येतो. परंतु मुहूर्त नसणे आणि महिना वाईट असणे यांत फरक आहे. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मासातही लग्ने लावत नाहीत. म्हणून श्रावणाला कोणी भाकड म्हटल्याचे ऐकिवात नाही. विवाहाच्या मुहूर्तापुरता असलेला एक संकेत आपण ताणत ताणत जन्मापर्यंत आणला, आणि मग जन्मलेल्या जिवापर्यंत. त्यातही मुलगा झाला तर फारसे कोणी बोलत नाही. मुलगी झाली की मात्र महिन्याची आठवण होते.

गंमत अशी, की ज्या पौषात माणसांची लग्ने होत नाहीत त्यात देवांची होतात. सातारा जिल्ह्यातल्या पाल गावी याच महिन्यात खंडोबा आणि म्हाळसा यांचा विवाहसोहळा होतो आणि लक्षावधी भाविक भंडारा उधळत त्याला हजर असतात. सोलापुरात भोगीच्या दिवशी सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षतांचा सोहळा होतो, तोही विवाहच. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत तुळजापूरला भवानीचे शाकंभरी नवरात्र बसते. शंभर वर्षे पाऊस पडला नाही तेव्हा देवीने आपल्या देहातून भाज्या उत्पन्न करून जगाला जगवले, अशी शाकंभरीची कथा आहे. पुन्हा तेच, पोषण. बदामीची बनशंकरी ही तीच, आणि ती महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी आहे.

आणि माणसांचे म्हणाल तर पौष पौर्णिमेला, १५९८ च्या जानेवारीत, सिंदखेड राजा येथे लखुजी जाधवांच्या घरी मुलगी जन्मली. तिचे नाव जिजा. पौष शुद्ध सप्तमीला, १६६६ साली, पाटण्यात गुरु गोविंदसिंहांचा जन्म झाला. पौष वद्य सप्तमीला, १८६३ साली, संक्रांतीच्या दिवशी कोलकात्यात नरेंद्रनाथ दत्त जन्मले, ज्यांना जग स्वामी विवेकानंद म्हणून ओळखते. १२ जानेवारीला आपण सभा घेतो, प्रतिमांना हार घालतो, जिजाऊंची आणि स्वामीजींची जयंती साजरी करतो. पण त्या तारखेमागे उभा असलेला महिना पौष आहे, हे व्यासपीठावरून कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. मीही अशा किती सभांतून बोललो आहे; मीही सांगितलेले नाही.

भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. थोर शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती सुचवली होती. तिच्यात पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबरला येतो. म्हणजे दिवस लहान होत होत थांबतो आणि पुन्हा वाढू लागतो, नेमक्या त्या वळणावर राष्ट्रीय पौष सुरू होतो. उजेड जिथून वाढू लागतो त्या महिन्याला अंधारा म्हणायचे, याला काय म्हणावे? अर्थात ही दिनदर्शिका राजपत्राच्या मथळ्यापलीकडे आपल्या व्यवहारात आलीच नाही, हे दुःख वेगळे.

कोणी शास्त्राधार काढून म्हणेल की स्त्रियांची नावे नक्षत्रावरून असू नयेत असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. सांगितले आहे, हे खरेच. नक्षत्र, वृक्ष, नदी यांच्या नावाची कन्या वरू नये, असा तो निर्देश. मग बलरामाची माता रोहिणी, पत्नी रेवती; आणि आपल्या घरोघरच्या अश्विनी, गंगा, गोदावरी, कावेरी, तुळसा यांचे काय करायचे? समाजाने तो नियम केव्हाच, गाजावाजा न करता बाजूला ठेवला आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. आपली परंपरा अशीच चालत आली आहे. नको ते मागे टाकत, हवे ते पुढे नेत. ज्यांना ती एकदाच गोठवून ठेवायची आहे त्यांना ती फारशी ठाऊक नसते.

हे सगळे टिपण करून मी नाशिकला गेलो तो आठवा दिवस होता, भोगीचा. घरात सोयर असल्याने देवापुढे काही नव्हते. पण स्वयंपाकघरात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, लोण्याचा गोळा, आणि वांगी, गाजर, ओला हरभरा, पावटे, बोरे घातलेली भोगीची भाजी तयार होती. जेवताना मनात आले, की ज्या महिन्यात आपण सर्वांत चांगले जेवतो, ज्या दिवसांत लहान मुलांना हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण घालतो, त्यालाच आपण भाकड म्हणतो.

जेवणानंतर मी कागद काढला. त्यावर चार नावे होती. पौषी, पुष्या, शाकंभरी आणि अनंता. पौषी म्हणजे पौषाची पौर्णिमा. छोटे, दीर्घ स्वरान्त नाव, अर्थ उघड. पुष्या गोड आहे, पण त्यातला महिना लपतो. शाकंभरीचे घरी 'शाकू' होईल आणि कागदोपत्री लांबण लागेल. अनंता हे मासनामावरून. जावईबापूंना पुष्या आवडले; इंग्रजीत 'पौषी' कसे लिहायचे आणि परदेशी गेली तर लोक काय म्हणतील, ही त्यांची चिंता. मी त्यांना सांगितले की नावाची घाई नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव मात्र बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते, आणि विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण ते एकदा घातले की बदलणे किचकट. त्यातून १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच जन्मदाखला दाखवावा लागणार. तेव्हा विचार करून ठरवा.

विहीणबाई इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. मी जिजाऊंचे सांगितले, विवेकानंदांचे सांगितले, पुष्यगुप्ताचेही सांगितले. त्या ऐकत होत्या. माझे संपल्यावर म्हणाल्या, "भाऊ, तुमचं सगळं बरोबर असेल. पण जिजाऊंना कोणी पौषातली म्हणून हिणवलं नसेल. मला हिणवलंय."

कोणालाच काही कळेना. मग त्या सावकाश सांगू लागल्या. त्या स्वतः पौषातल्या. त्यांच्या जन्मानंतर वर्षभरातच आजोबा गेले. सत्तरी ओलांडलेले, दम्याने जर्जर झालेले गृहस्थ. परंतु घरात खडे फुटले ते या तान्ह्या मुलीच्या नावाने. पुढे विहीर आटली, बैल दगावला, तरी बोट तिच्याकडेच. लग्न ठरायच्या वेळी वडिलांनी पत्रिकाच दुसरी करवून घेतली. त्यात महिना माघ लिहिला. सासरी येऊन पन्नास वर्षे झाली, या घरात कोणाला हे ठाऊक नव्हते. पतीलाही नव्हते, ते तसेच गेले. "दर माघात मला ओवाळतात," त्या म्हणाल्या, "आणि मी पाटावर बसते. खऱ्या तिथीला आजवर कोणी ओवाळलेलं नाही. मला या पोरीच्या नावातच ते चिकटवायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, जानेवारी सांगा."

मला वाटले होते की माझ्यासमोर एक रूढिप्रिय सासू आहे आणि तिला चार दाखले देऊन निरुत्तर करायचे आहे. कागदाची घडी करून मी तो खिशात घातला. माझ्याजवळ शिलालेख होते, ग्रंथ होते, तिथी होत्या; पण ज्या प्रश्नावर मी लिहायला निघालो होतो तो त्यांनी पन्नास वर्षे एकटीने वागवला होता. भाचीचे डोळे भरून आले होते. जावई आईकडे नुसते पाहत होते. जन्म दिलेल्या बाईची जन्मतिथी त्यांना त्या दुपारी कळत होती. "नेमकी कोणती तिथी, आई?" त्यांनी विचारले. त्या म्हणाल्या, "शुद्ध दशमी." ती होऊन गेलेली होती.

बराच वेळ कोणी बोलले नाही. पाळण्यात बाळ चुळबुळले तशा त्या उठल्या, दोरी हातात घेतली आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "त्या कागदावरचं पहिलं नाव काय म्हणालात?"

बाराव्या दिवशी बारसे झाले. पुरोहितांना आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे चारही नावे तांदळावर लिहिली गेली आणि मोठ्याने वाचलीही गेली. मासनाम वाचले तेव्हा जमलेल्या बायकांपैकी दोघी-तिघींनी आपापले महिने सांगून आपले मासनाम विचारून घेतले. एका मावशींचे यज्ञपुरुष निघाले आणि हशा पिकला.

पुढच्या आठवड्यात जन्मनोंदीत नाव घालायला जावई गेले तेव्हा आईही हट्टाने बरोबर गेल्या. खिडकीतल्या कारकुनाने अर्जावरचे नाव दोनदा वाचले आणि सहज विचारले, "पौषी? हे कसलं नाव, आजी?"

"महिन्याचं," त्या म्हणाल्या. "तिच्या आणि माझ्या."